आत्मनेपदाची लॅटिन भावंडे

लॅटिनच्या पाठ्यपुस्तकांत एक नियम ठरलेल्या शब्दांत येतो : डेपोनेंट क्रियापद म्हणजे रूप कर्मणी, अर्थ कर्तरी. फ्रेडरिक व्हीलॉक यांच्या 1956 साली प्रथम निघालेल्या आणि आजही वापरात असलेल्या पुस्तकात तो 34 व्या धड्यात भेटतो. तोवर विद्यार्थ्याच्या मनात पक्के बसलेले असते की 'मी'च्या रूपाला शेवटी 'र' लागला की प्रयोग कर्मणी. 'लाउदो' म्हणजे मी स्तुती करतो, 'लाउदोर' म्हणजे माझी स्तुती केली जाते. मग 'सेक्वोर' समोर येते, आणि त्याचा अर्थ निघतो 'मी मागोमाग जातो'. 'लोक्वोर' मी बोलतो, 'मोरिओर' मी मरतो, 'पातिओर' मी सोसतो. दवाखान्यातला आपला 'पेशंट' या पातिओरपासूनच आला. सोसणारा तो पेशंट.

चौथ्या शतकात रोममध्ये शिकवणाऱ्या दोनातुस या वैयाकरणाने ही क्रियापदे ओळखण्याची युक्ती दिली आहे. शेवटचा 'र' काढून पाहा. उरलेला शब्द लॅटिन नसेल तर क्रियापद डेपोनेंट. 'लाउदोर'चे 'लाउदो' होते, ते चालते. 'सेक्वोर'चे 'सेक्वो' कुणी म्हणत नाही. दोनातुसचा शिष्य जेरोम याने पुढे शुभवर्तमानांची लॅटिन संहिता सुधारली. तिच्यात जकातनाक्यावर बसलेल्या मत्तयाला येशू मागे यायला सांगतो, तिथे 'सेक्वेरे' ही आज्ञा आहे. रूप पाहून नवखा वाचक गोंधळतो, पण मत्तय लगेच उठतो आणि चालू लागतो.

युक्ती चांगली आहे, नियमही परीक्षेपुरता पुरतो. पण ही क्रियापदे अशी का, हे दोन्हींतून कळत नाही. शाळेत वर्षानुवर्षे संस्कृत शिकवून निवृत्तीनंतर मी लॅटिनकडे वळले, आणि मला वाटते की आठवीत लभते, वन्दते, सेवते घोकलेल्या मराठी मुलाला हे उत्तर इतरांपेक्षा लवकर सापडेल. वन्दते हे रूप कर्मणी आहे असे आपण कधी म्हणत नाही. ते आत्मनेपद आहे, एवढे म्हणून पुढे जातो.

आत्मनेपदाचा विचार पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात केला आहे. काही धातू दोन्ही पदांत चालतात. तिथे क्रियेचे फळ कर्त्याकडेच येत असेल तर आत्मनेपद वापरावे, असे तो सांगतो. ऋत्विज दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा 'यजति', स्वतःसाठी करणारा 'यजते', आणि म्हणून तो 'यजमान'. कर्ता क्रिया करतो, आणि ती क्रिया त्याच्यापाशीच घडते किंवा त्याच्याकडे परत येते. कर्तरी आणि कर्मणी यांच्यामधली ही तिसरी जागा संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान पूर्वज भाषेत होती. लॅटिनमध्ये तिचे आणि कर्मणीचे प्रत्यय एकच झाले. अर्थाने जी क्रियापदे त्या जागेतच राहिली, त्यांना वैयाकरणांनी डेपोनेंट म्हटले.

याचा पुरावा धातूंतच आहे. मोरिओर आणि म्रियते, दोन्ही मृ. 'नास्कोर' (मी जन्मतो) आणि जायते, दोन्ही जन्. सेक्वोर आणि वेदातले सचते, दोन्ही सच्. 'रेमिनिस्कोर' (मला आठवते) यातला धातू मन्यतेमधला मन् आहे. जन्म, मरण, सोबत, स्मरण : कर्त्यापासून वेगळ्या न काढता येणाऱ्या या क्रिया हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी एकाच घरात ठेवल्या. प्राचीन आयरिशमध्ये 'मागे जातो'साठी 'सेखिथिर' आहे. तेही त्याच धातूचे आणि तिथेही डेपोनेंट. पहिल्यांदा हे उलगडले तेव्हा मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

प्रत्येक क्रियापद असे उलगडत नाही. 'होर्तोर' म्हणजे मी दुसऱ्याला उद्युक्त करतो. त्यात कर्त्याकडे परतणारे काय, हे मला तरी नीट दाखवता येत नाही. काही क्रियापदे अर्धीच डेपोनेंट आहेत : 'गाउदेओ' (मला आनंद होतो) वर्तमानकाळात कर्तरी रूपाचे, पूर्ण भूतकाळात डेपोनेंट. संस्कृतवाल्यांनी याचे नवल करू नये. म्रियतेचा भविष्यकाळ 'मरिष्यति' होतो, हे आपण निमूट पाठ केलेलेच असते.

पुढे दोन्हीकडे हे घर मोडले. गोव्यात 1510 ते 1961 पर्यंत राज्यकर्त्यांची असलेली पोर्तुगीज भाषा लॅटिनची लेक, पण तिचे 'मोरेर' आणि 'सेगिर' साध्या क्रियापदांसारखे चालतात. प्राकृतातून आलेल्या मराठीतही 'मरतो' आणि 'करतो' यांचा प्रत्यय एकच.

लॅटिन लेखकांना मात्र ही क्रियापदे फार उपयोगी पडली. मराठीत 'करून', संस्कृतात 'कृत्वा' आहे. लॅटिनमध्ये सामान्य क्रियापदाला असे रूप नाही. 'लाउदातुस' म्हणजे स्तुती केला गेलेला. 'स्तुती करून' एका शब्दात म्हणता येत नाही. डेपोनेंटना ते जमते. सीझरच्या गॅलिक युद्धाच्या वृत्तांतात सेनापती 'प्रोफेक्तुस' (निघून), 'कोहोर्तातुस' (सैनिकांना धीर देऊन), 'वेरितुस' (भीती वाटून) असा एकेका शब्दात पुढे सरकतो, आणि कथनाचा वेग त्यातून येतो. म्हणून सीझर वाचताना 'तुस' किंवा 'सुस'ने संपणारा शब्द दिसला की आधी कोशात मूळ क्रियापद पाहावे. ते 'ओर'ने संपत असेल तर बहुतेक वेळा मराठीतला 'ऊन' लावून पुढचे वाक्य वाचावे.