दूध, बाळ आणि सोन्याचे कण

दूध पातळ आहे की दाट, हे आपल्याला बोट बुडवूनही कळतं. पण त्यात रंग नाही, वास नाही असं काही विरघळवलेलं असलं तर? 2008 साली चीनमध्ये हेच झालं. पाणी घातलेल्या दुधात प्रथिनं भरपूर दिसावीत म्हणून मेलामाइन मिसळलं गेलं. आपल्या घरच्या न फुटणाऱ्या प्लेटा ज्याच्यापासून बनतात, तेच हे रसायन! प्रथिनं मोजण्याची नेहमीची रीत खरं तर नायट्रोजन मोजते, आणि मेलामाइनच्या वजनात दोन तृतीयांश नायट्रोजनच असतो. तपासणी फसली. सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली, कित्येकांच्या मूत्रपिंडात खडे झाले, सहा बाळं दगावली.

असा पदार्थ पकडणं अवघड, कारण त्याचा रेणू फारच लहान. मोठं प्रथिन दोन बाजूंनी दोन चिमट्यांत धरता येतं. दिवस राहिलेत का ते सांगणारी पट्टी तशीच चालते. लहान रेणूवर दुसऱ्या चिमट्याला जागाच उरत नाही.

इथे सोनं कामी येतं. पाटल्या-बांगड्यांचं नव्हे हं! मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक नॅनोमीटर. दहा-पंधरा नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात चक्क डाळिंबाच्या रसासारखे लाल दिसतात. मायकेल फॅरेडे यांनी 1857 मध्येच असं लाल पाणी अभ्यासलं होतं. प्रकाशाने कणांतले इलेक्ट्रॉन एकत्र हेलकावतात, म्हणून हा रंग. कण एकमेकांना खेटले की पाणी निळं होतं. 2009 मध्ये चीनमधल्याच संशोधकांनी या कणांवर मेलामाइनला धरणारे रेणू बसवले. मेलामाइन आलं की कण गोळा होतात, आणि रंग बदललेला नुसत्या डोळ्यांना दिसतो.

हळदीच्या डागाला साबण लागावा तितकं हे सोपं वाटतं, पण तसं नाही. दुधातली प्रथिनं मध्येच लुडबुड करतात, म्हणून आधी ती वेगळी काढावी लागतात. तेव्हा ही परीक्षा आपल्या ओट्यावरची नव्हे.

डेअऱ्यांत मात्र सोन्याच्या कणांच्या पट्ट्या वापरतात. गाई-म्हशींना टोचलेल्या प्रतिजैविकांचा अंश दुधात उतरला आहे का, हे त्या दाखवतात. तिथली खूण उलटी, बरं का! औषध असलं तर रेघ फिकी पडते किंवा उमटतच नाही. कणांवरचे चिमटे औषधानेच अडवलेले असतात. आणि हे अंश नुसतं दूध उकळून पुरते जात नाहीत. तुमचं दूध ज्या डेअरीतून येतं, तिथे ही पट्टी लावतात का, एकदा विचारा तरी.