पडत राहणारा चंद्र

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास वर्धा, नागपूर, चंद्रपूरच्या आकाशातून पेटत्या ठिपक्यांची एक माळ संथपणे सरकत गेली. कुणी उल्का म्हणालं, कुणी क्षेपणास्त्र. त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं सापडलं. पुढे आसपासच्या शिवारांत धातूचे गोळेही मिळाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी रॉकेटचा हा तिसरा टप्पा असावा, असं अभ्यासकांनी कक्षेच्या हिशेबावरून सांगितलं.

खरी खूण होती तो संथपणा. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात घुसते; ‘ते बघ’ म्हणेपर्यंत बहुधा विझलेली असते. कक्षेतून उतरणारी वस्तू साधारण ८ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवी येते. म्हणून तर लोकांना खिशातून मोबाइल काढून व्हिडिओ घेता आला!

त्याच संध्याकाळी, थोडं आधी, पश्चिमेला चंद्राची बारीक कोरही होती. ती दिसली आणि दुसऱ्या दिवसापासून रोजे सुरू झाले. नैसर्गिक उपग्रह आणि माणसाने वर सोडलेलं भंगार, दोन्ही एकाच आकाशात. दहावीला ‘अवकाश मोहिमा’ हा धडा आहे, त्यासाठी याहून चांगलं उदाहरण शोधून मिळायचं नाही. ‘फरक स्पष्ट करा’च्या दोन रकान्यांत मात्र खरी गंमत निसटते: चंद्र काय नि ते भंगार काय, दोन्ही सतत पडतच असतात.

धुऱ्यावर उभं राहून धोंडा आडवा भिरकावा. जितका जोर, तितका लांब पडेल. हवा नसती आणि त्याला सेकंदाला ७.९ किलोमीटर वेग देता आला असता, तर तो जितका खाली येतो तितकीच गोल पृथ्वीही त्याच्याखाली वळत गेली असती. धोंडा पडत राहिला असता, पण जमिनीला कधी टेकला नसता.

जितकं उंच जावं तितका हा वेग कमी लागतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर, म्हणजे रेल्वेने वर्ध्याहून मुंबई आहे त्याच्या साधारण निम्म्या अंतरावर. ते दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं. चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर, सेकंदाला फक्त एक किलोमीटर चालतो आणि २७.३ दिवस घेतो. मध्येच कुठेतरी, ३५,७८६ किलोमीटरवर, फेरीचा वेळ पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतकाच होतो. विषुववृत्तावरच्या त्या कक्षेतला उपग्रह आपल्याला जागचा हललेला दिसतच नाही. म्हणून वर्ध्यातल्या घरांवरच्या डिश दक्षिणेकडे तोंड करून निवांत बसलेल्या असतात.

मग ते रॉकेट का कोसळलं? हवेमुळे. दोनशे-तीनशे किलोमीटरवरही ती पूर्ण संपत नाही; दर फेरीला थोडी घासते, कक्षा आकसत जाते. चंद्रापाशी हा घासाघीस करणारा थर नाही. उलट भरती-ओहोटीच्या ओढाताणीमुळे तो वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब चाललाय. हे मोजता आलं, कारण १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी तिथे परावर्तक ठेवले. लेझरचा झोत तिथे आपटून परत यायला अडीच सेकंदांच्या आसपास लागतात.