बोन्सायसाठी दाण्याची पारख

बोन्सायची कुंडी उथळ असते, आणि माती निवडताना खरी अडचण तिथूनच सुरू होते. पाणी निथळल्यावरही तळाशी ओलीचा एक थर उरतोच. त्याची जाडी कुंडीच्या खोलीवर नव्हे, तर दाण्याच्या आकारावर ठरते. बारीक मातीत हा थर जवळजवळ सगळी उथळ कुंडी व्यापतो आणि मुळांना हवा उरत नाही. म्हणून मिश्रणात मोठा वाटा खनिज दाण्यांचा ठेवतात.

जपानात हे काम अकादामा करते. कांतो भागातल्या ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली ही तांबूस दाणेदार माती पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवते, दोन दाण्यांमधून हवाही खेळती राहते. काही वर्षांत मात्र दाणे फुटून चिखल होऊ लागतो. तोचिगीतल्या कानुमा शहराच्या नावाने ओळखली जाणारी पिवळसर कानुमा आम्लधर्मी असते, त्यामुळे ती अझेलियाला मानवते.

आयात केलेली अकादामा महाराष्ट्रात महाग पडते. इथला काळा पाषाणही ज्वालामुखीचाच, पण घट्ट. त्याच्या खडीने निचरा होतो, ओल टिकत नाही. ती कसर वीट भरून काढते. मात्र कुठलीही वीट चालत नाही. खंगर वीट काचेसारखी कडक होते आणि पाणी पीत नाही. कमी भाजलेली पाण्यात विरघळते. पारख सोपी आहे. मूठभर तुकडे रात्रभर पेल्यात भिजत घालावेत. सकाळी पाणी गढूळ झाले, किंवा तुकडा चिमटीत दाबताच त्याचे पीठ झाले, तर तो माल टाकून द्यावा.

मग चाळणे. दोन मिलिमीटरच्या चाळणीखाली पडलेली पूड कुंडीत जाऊ देऊ नये, कारण तीच पोकळ्या बुजवते. दोन ते पाच मिलिमीटरचा दाणा बहुतेक झाडांना पुरतो. चाळलेला माल धुऊन घ्यावा. पहिले पाणी विटेच्या रंगाचे लालभडक निघते. तळाला जाड खडीचा थर देण्याची रीत जुनी असली तरी तिचा उपयोग नाही. ओलीचा थर तेवढाच वर सरकतो.

पर्लाइट हलके असल्याने पावसात तरंगून वर येते, तर व्हर्मिक्युलाइट दबून लगदा होते. खाडीची वाळू मीठ घेऊन येते, ती टाळलेलीच बरी.