मेद आणि मांस : देहरचनेच्या वर्गीकरणाचा विचार

मनुष्यदेहाच्या वर्णनासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. हडकुळा, सडपातळ, धिप्पाड, लठ्ठ ही विशेषणे नित्य व्यवहारातील होत. परंतु ती सारी दृश्य आकारमानावर बेतलेली आहेत. तो आकार मेदाचा की स्नायूंचा, हे त्यांवरून निश्चित कळत नाही.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागून मिळणाऱ्या ‘बॉडी मास इंडेक्स’ या निर्देशांकातही हेच न्यून आहे. त्याला हे नाव अँसेल कीज प्रभृतींनी १९७२ मध्ये दिले. पुण्याचे डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही निर्देशांक २२.३, परंतु मेदाचे प्रमाण युडकिन यांच्या देहात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के होते!

यास्तव मेद व स्नायू ही दोन स्वतंत्र लक्षणे मानावी लागतात. ध्वनिविचारात आपण घोषत्व व महाप्राणत्व या दोन लक्षणांवरून क, ख, ग, घ असे चार वर्ण वेगळे करतो. त्याच न्यायाने येथेही चार वर्ग सिद्ध होतात : दोन्ही पुरेसे व प्रमाणात असलेला. केवळ मेद अधिक असलेला. केवळ स्नायू क्षीण असलेला. आणि मेद अधिक असून स्नायू क्षीण असलेला. तुलनेसाठी प्रत्येक वस्तुमानास उंचीच्या वर्गाने भागतात. हातापायांच्या स्नायूंचा असा भागाकार पुरुषांत ७.० व स्त्रियांत ५.४ यांहून कमी असल्यास आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार (क्ष-किरण मापन) तो अल्प होय. मात्र स्नायुक्षयाच्या निदानास बल अथवा शारीरिक क्षमता उणावल्याचाही पुरावा लागतो.

चौथा वर्ग सर्वांत फसवा होय. मेदाची भर स्नायूंची तूट झाकते, आणि वजनकाटा निर्दोष आकडा दाखवितो. अशा वृद्धास केवळ ‘वजन उतरवा’ असे सांगितल्यास उरलेले स्नायूही झडण्याचे भय असते. त्यास बलवर्धक व्यायाम व पुरेशी प्रथिने हवीत.

या वर्गास मराठीत रूढ नाव नाही. तथापि आयुर्वेदाने मांस व मेद हे पृथक् धातू मानले असून मांसक्षय आणि मेदोवृद्धी या संज्ञा सिद्धच आहेत. ‘मांसक्षययुक्त मेदोवृद्धी’ ही संज्ञा स्वीकारल्यास दोन्ही लक्षणे नावातच प्रकट होतील. ज्याला नाव नाही ते दृष्टीआड राहते; आणि येथे दृष्टीआड राहणारी गोष्ट रोग्याचे बळ ही आहे.