नागरिकत्वाची शपथ : काय मिळते, काय सुटते

लग्नमुंजीची आमंत्रणे जशी सातासमुद्रापलीकडून येतात, तशीच आता मुलाच्या, सुनेच्या वा जावयाच्या अमेरिकन नागरिकत्वाच्या शपथविधीची वार्ताही पुण्यामुंबईच्या घरांतून येऊ लागली आहे. २०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी आपले नागरिकत्व सोडले, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. अशा लोकांचा मोठा ओघ अमेरिकेकडे आहे. या घटनेकडे पाहण्याच्या आपल्या समाजात दोनच रीती आढळतात. कोणी तिला केवळ कागदोपत्री सोय समजतो, तर कोणी मायभूमीशी केलेली प्रतारणा. या दोन्ही समजुती बाजूला ठेवून, त्या समारंभात प्रत्यक्ष काय घडते आणि काय उच्चारले जाते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

समारंभाचे बोलावणे पत्राने येते व त्यासोबत एक प्रश्नावली असते. मुलाखत झाल्यापासून आपण परदेशी गेलात काय, विवाह वा घटस्फोट झाला काय, अटक किंवा कायदेभंगाचा प्रसंग आला काय, अशा प्रश्नांची उत्तरे शपथेच्या दिवशीच्या वस्तुस्थितीस धरून द्यावयाची असतात. दाराशी अधिकारी ती तपासतो आणि वर्षानुवर्षे जपलेले ‘ग्रीन कार्ड’ परत घेतो. जीन्स, अर्धी विजार वा सपाता घालून येऊ नये, असेही सुचविलेले असते.

१९९० च्या कायद्यापूर्वी नागरिकत्व बहाल करण्याचा अधिकार न्यायालयांकडे होता. त्या कायद्याने तो प्रशासनाकडे आला. तथापि आजही काही ठिकाणी न्यायाधीशच शपथ देतात. हा भेद आपल्या लोकांना विशेष महत्त्वाचा आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव ही आपली त्रिपदी अमेरिकन कागदपत्रांत नीट बसत नाही, म्हणून अनेकांना या निमित्ताने नाव बदलून घ्यावेसे वाटते. ते काम केवळ न्यायालयीन समारंभातच होऊ शकते. त्यासाठी अर्ज करतानाच तशी विनंती करावी लागते.

सभागृहात उमेदवार एकीकडे आणि आप्तेष्ट दुसरीकडे बसतात. पुष्कळदा देशांची नावे पुकारली जातात आणि त्या त्या देशाचे लोक उभे राहतात. मग सर्वजण उजवा हात उंचावून शपथ एकसुरात म्हणतात. दोन मिनिटांत ती आटोपते. त्यानंतर राष्ट्रध्वजाला अनुसरून एकनिष्ठेची प्रतिज्ञा होते, भाषण होते आणि प्रमाणपत्र हाती पडते. त्यावरील नाव व जन्मतारीख जागच्या जागी तपासून घ्यावी. नंतरची दुरुस्ती जिकिरीची असते. पासपोर्टच्या अर्जासोबत हेच मूळ प्रमाणपत्र जोडावे लागते. अमेरिकेत आईवडिलांच्या ताब्यात राहणाऱ्या व तेथील कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या अठरा वर्षांखालील मुलांना २००० च्या कायद्यान्वये हे नागरिकत्व आपोआप मिळते. त्यांना शपथ घ्यावी लागत नाही.

हा झाला बाह्य विधी. त्याचा गाभा मात्र शपथेच्या शब्दांत आहे. आजवर ज्या परकीय राजाचे, राज्याचे वा सार्वभौम सत्तेचे आपण प्रजाजन किंवा नागरिक होतो, त्याच्यावरील सर्व निष्ठेचा संपूर्ण त्याग, हे शपथेचे पहिले कलम आहे. संविधानाचे व कायद्यांचे शत्रूंपासून रक्षण करीन. कायद्याने आवश्यक ठरल्यास शस्त्र धरीन, सैन्यात बिगर-लढाऊ सेवा करीन किंवा राष्ट्रीय महत्त्वाचे काम करीन, अशी वचने पुढे येतात. आणि अखेरीस, हे सारे मनात काही राखून न ठेवता मोकळेपणाने पत्करीत आहे, अशी ग्वाही द्यावी लागते.

हे शब्द केवळ शोभेचे नाहीत. शस्त्र धरणार नाही, असे प्रांजळपणे सांगणाऱ्या रोझिका श्विमर या शांततावादी हंगेरियन विदुषीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२९ मध्ये नागरिकत्व नाकारले. तेव्हा त्या पन्नाशीच्या घरात होत्या आणि त्यांना रणांगणावर धाडण्याचा प्रश्नच नव्हता. १९४६ मध्ये जिरुआर्ड खटल्यात न्यायालयाने ही भूमिका बदलली. आज धार्मिक श्रद्धेमुळे शस्त्राविषयीचे वचन गाळण्याची, तसेच ईश्वराचा उल्लेख टाळण्याची मुभा मिळू शकते. पण पूर्वनिष्ठेच्या त्यागाचे वाक्य गाळण्याची मुभा कोणालाच नाही.

दुसरी बाजू भारतीय कायद्याची. त्या सभागृहात तिचा उच्चार कोणी करीत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार, स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. त्यासाठी अर्ज लागत नाही की हुकूम लागत नाही. ‘पासपोर्ट अजून माझ्यापाशीच आहे, म्हणजे मी भारतीयही आहे’ ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. तो पासपोर्ट त्या क्षणापासून निरुपयोगी होतो. तो रद्द करवून घेणे हे कर्तव्य असून त्यावर प्रवास करणे हा गुन्हा ठरतो.

‘ओसीआय’ कार्डाने दुहेरी नागरिकत्व मिळते, हा समजही असाच रुजलेला आहे. या कार्डाने भारतात येण्याजाण्याची व राहण्याची कायमची सोय होते, घर विकत घेता येते. परंतु मताधिकार मिळत नाही, घटनात्मक पदे मिळत नाहीत आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने सातबाऱ्यावर नाव लागणे वेगळे आणि नवी जमीन खरेदी करणे वेगळे. मतदारयादीत जुने नाव राहून गेले म्हणून सुटीत येऊन मतदान करणे, ही तर उघड बेकायदेशीर गोष्ट होय. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार जो नागरिक नाही तो यादीत राहण्यास अपात्र आहे. ज्याने निष्ठेचे वचन दुसरीकडे दिले, त्याने येथील सरकार कोणी चालवावे हे ठरविण्याचा हट्ट धरू नये, हे कायद्याइतकेच नीतीलाही धरून आहे.

आज सहज वाटणारा हा हक्क आपल्या लोकांना सुखासुखी मिळालेला नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेल्या भगतसिंग थिंद यांना ‘गोरे’ नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये अपात्र ठरविले. त्या निकालाच्या आधारे अनेक भारतीयांचे मिळालेले नागरिकत्वही हिरावण्यात आले. त्यांपैकी वैष्णो दास बगाई यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने हे दार उघडले. १९४९ मध्ये नागरिक झालेले दलिपसिंग सौंद १९५६ मध्ये काँग्रेसवर निवडून आले. ज्या हक्कापायी माणसे अशी झुरली, तो केवळ व्हिसाची कटकट टाळण्यासाठी घ्यावा आणि तेथील मतपेटीकडे कधी फिरकू नये, हे त्या शपथेला शोभणारे नाही.

शपथ मागते ती राजकीय निष्ठा. भाषा, देवघर किंवा गणेशोत्सव सोडावयास ती सांगत नाही. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाशी निगडित मंडळींत असे कितीतरी अमेरिकन नागरिक आहेत, की ज्यांच्या घरी मराठी नांदते; त्यात कसलाही वचनभंग नाही. म्हणूनच आईवडिलांनी डोळ्यांत पाणी आणण्याचे कारण नाही आणि मुलांनी ‘काही बदलले नाही’ असे त्यांना सांगण्याचेही कारण नाही. बदलते ते निश्चित आणि महत्त्वाचे असते. शपथेचा मजकूर आधीच पाहावयास मिळतो. समारंभाच्या आदल्या रात्री तो घरात मराठीतून वाक्यावाक्याने समजून घ्यावा आणि त्यातील पहिल्या कलमापाशी थांबून स्वतःला विचारावे, की हे मी मनापासून म्हणू शकतो काय? उत्तर होकारार्थी आले, तर दुसऱ्या दिवशी निःशंक मनाने हात उंचावावा. ते तसे आले नाही, तर ग्रीन कार्डावर राहणाऱ्याचे जीवनही सन्मानाचेच असते.