हडपसरच्या मैदानावरचं ते दशक

2028 साली जुहूच्या विमानतळाला आणि बॉम्बे फ्लाइंग क्लबला शंभर वर्षं होतील. समारंभ होतील, विशेषांक निघतील, आणि त्या सगळ्यांत जे. आर. डी. टाटा असतील. असायलाच हवेत. भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी मिळाला, आणि 15 ऑक्टोबर 1932 ला ते कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तिथून आपली विमानसेवा सुरू झाली. पण ज्यांनी कुठली कंपनी काढली नाही, ज्यांना वैमानिकाची नोकरीही नको होती, ज्यांना फक्त उडायचं होतं, त्यांच्याबद्दल या शंभर वर्षांच्या हिशेबात कुणी चार ओळी लिहील असं मला वाटत नाही. अशा माणसांची पुण्यात एक हक्काची जागा होती. हडपसरचं सरकारी ग्लायडिंग सेंटर. तिथे मी माझी तरुणपणाची सगळी सुट्टी घालवली.

हे आत्ताच लिहायला बसायचं कारण वेगळं आहे. नात्यातल्या एका सोळा वर्षांच्या मुलीला उडायला शिकायचं आहे. तिने चार ठिकाणी फोन केले. चारही ठिकाणी पहिला प्रश्न एकच, "कमर्शियल करायचंय ना?" आणि त्यानंतर पन्नास लाखांच्या आसपासचा आकडा. नुसतं उडायचं असेल तर काय, हा तिचा प्रश्न समोरच्याला कळलाच नाही. ग्लायडरचा परवाना सोळाव्या वर्षी मिळू शकतो, हे तिला एकानेही सांगितलं नाही. ती मला म्हणाली, "मावशीआजी, तुम्ही श्रीमंत होतात का?" माझे वडील पोस्टात होते.

सुरुवातीची वर्षं मी थोडक्यात सांगते, कारण ती मी पाहिलेली नाहीत आणि फायलींतून फारशी जिवंतही होत नाहीत. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवलं की उडणं सामान्य घरातल्या मुलांपर्यंत पोचलं पाहिजे. फ्लाइंग क्लबांना अनुदान मिळालं. बंगलोरच्या कारखान्यात क्लबांसाठी 'पुष्पक' हे छोटं विमान तयार झालं, 1958 मध्ये ते पहिल्यांदा उडालं. 1950 च्या सुमारास पुण्यात ग्लायडिंग सुरू झालं. ग्लायडरही आपल्याकडेच आखले जात होते. नागरी विमान खात्यातले अभियंते एस. रामामृतम यांनी आखलेली 'रोहिणी' 1961 मध्ये आकाशात गेली, आणि पुढे देशभरातल्या मुलांनी तिच्यावर धडे गिरवले. अश्विनी, भरणी, कार्तिक, आर्द्रा अशी नक्षत्रांवरून नावं ठेवत ही मालिका वाढत गेली. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाने छंदासाठी लाकडी विमानं बनवली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मी गेले ते ऐंशीच्या दशकाच्या तोंडाशी. शनिवारी पीएमटीने हडपसर गाडीतळ गाठायचा आणि तिथून सासवड रस्त्याने मैदानावर. आजूबाजूला ऊस, भाजीचे मळे, एका बाजूला औद्योगिक वसाहतीची पत्र्याची छपरं. मैदान म्हणजे गवत आणि मुरूम. एका टोकाला विंच, दुसऱ्या टोकाला ग्लायडर, आणि मध्ये पसरलेली पोलादी केबल.

ज्यांनी विंच पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ग्लायडरला इंजिन नसतं. ट्रकच्या इंजिनावर फिरणारा मोठा ड्रम केबल गुंडाळतो आणि ग्लायडर त्या ओढीने वर चढतं. खाली एकजण पंखाचं टोक हातात धरून उभा असतो, कारण चाक एकच, पंख धरला नाही तर तो जमिनीला टेकतो. केबलचा ढिलेपणा संपला की हाताला एक हलकी ओढ जाणवते, मग पंख धरणाऱ्याने दहा-बारा पावलं पळायचं आणि सोडून द्यायचं. पंख हातातून निसटतो तेव्हाच त्याला स्वतःचा तोल आलेला असतो. हजारेक फुटांवर वैमानिक रिलीजची मूठ ओढतो, केबल सुटते, तिच्या टोकाचं लहान पॅराशूट उघडतं आणि ती सावकाश खाली येते. त्यानंतर उरतो तो वाऱ्याचा आवाज. उष्ण हवेचा झोत सापडला नाही तर पाच-सात मिनिटांत पुन्हा जमिनीवर. सापडला तर तासभरही.

तो झोत, म्हणजे थर्मल, शोधायला आम्ही घारींवर नजर ठेवायचो. घार पंख न हलवता वर चढत असेल तर तिच्याखाली हवा चढत असणार. उसावर काही मिळायचं नाही, तिथली हवा थंड. पत्र्याच्या छपरांवर आणि नांगरलेल्या रानांवर मिळायचं. एप्रिल-मेच्या दुपारी, जेव्हा बाकीचं पुणं पडदे ओढून झोपलेलं असायचं, तेव्हा आमचा उत्तम काळ.

आता एक जुना हिशेब. त्या वेळी उड्डाणांची यादी लिहिणारे एक गृहस्थ होते. मुलींची नावं ते कायम शेवटी टाकायचे. सकाळच्या निवांत हवेत शिकायचं असतं आणि दुपारच्या चढत्या हवेत टिकायचं असतं. आमची पाळी यायची ती दोन्ही संपल्यावर, संध्याकाळी, जेव्हा वर जाऊन सरळ खाली यायचं एवढंच हाती असायचं. "पंख धरायला मुली चांगल्या," असं ते मोठ्याने म्हणायचे आणि चार जण हसायचे. मी हे चाळीस वर्षं विसरलेले नाही आणि विसरण्याचं कारणही मला दिसत नाही. आमच्यातल्या दोघी याच यादीला कंटाळून सोडून गेल्या. दोघींचा हात माझ्यापेक्षा चांगला होता.

ते चक्र मोडलं ते विंचवर बसणाऱ्या काकांनी. ते अधिकारी नव्हते, प्रशिक्षक नव्हते. पण विंच त्यांच्या हातात होतं आणि पहिल्या लाँचला कोण बसलंय हे विचारल्याशिवाय ते इंजिन सुरू करीनासे झाले. "ताईंना आज सकाळी बसवा, मग केबल ओढतो." तीन आठवड्यांत यादी बदलली. विंच चालवणाऱ्याच्या हातात वरच्या माणसाचा जीव असतो. ग्लायडरचं शेपूट डावी-उजवीकडे हललं की वेग जास्त झाला हे ओळखून त्याने तत्क्षणी थ्रॉटल कमी करायचा. काकांना ते शेपूट हलायच्या आधीच कळायचं.

रोहिणीत दोन माणसं शेजारी शेजारी बसतात, आणि वर छत नाही. समोर फक्त वाऱ्याची काच. पहिल्या सोलोला शेजारची जागा रिकामी होती आणि वजन कमी झाल्यामुळे ग्लायडर नेहमीपेक्षा झपकन वर गेलं. तेवढंच मला स्पष्ट आठवतं. बाकी सगळं हाताने केलं, मनाला नंतर कळलं.

पण उडण्याचा वेळ म्हणजे दिवसाचा अगदी छोटा तुकडा, आणि मला तळमळीने सांगायचंय ते उरलेल्या दिवसाबद्दल. सकाळी ग्लायडर हँगरमधून ढकलत बाहेर काढायचं. डीआय करायचं, म्हणजे प्रत्येक बिजागरी, प्रत्येक पिन, प्रत्येक कंट्रोलची तार हाताने तपासायची. कापडाला भोक पडलं असेल तर ठिगळ लावून डोप, म्हणजे कापड ताणून धरणारं रोगण, चढवायचं. केबल तुटली की जोडायची. उतरलेलं ग्लायडर चौघांनी ढकलत परत आणायचं. एकाने वेळा लिहायच्या. बँकेतला कारकून, फर्ग्युसनचा विद्यार्थी, कारखान्यातला टर्नर, निवृत्त सुभेदार, सगळे हेच करायचे. तुमच्या सात मिनिटांसाठी दहा माणसं उन्हात राबायची आणि तुम्ही त्यांच्यासाठी. म्हणून ते स्वस्त होतं. सरकारचं मैदान, सरकारची ग्लायडरं आणि सभासदांचे हात, या तिन्हींमुळे लाँचचे पैसे कॉलेजातल्या पोराला खिशातून देता यायचे. नुसत्या अनुदानाने ते झालं नसतं आणि नुसत्या उत्साहाने तर नाहीच.

ग्लायडिंगमधला 'सिल्व्हर सी' हा बिल्ला आमचं मोठं स्वप्न. पन्नास किलोमीटर अंतर, हजार मीटर उंचीची कमाई, पाच तास हवेत. आमच्यातला एक जण अंतराच्या नादात पूर्वेला निघाला आणि यवतच्या अलीकडेच हवा संपली. ज्वारी काढलेल्या रानात उतरला. धसकटांनी ग्लायडरचं पोट खरवडलं, बाकी सगळं ठीक. आम्ही ट्रेलर घेऊन पोचलो तेव्हा तो बाजेवर बसून ताक पीत होता, आणि शेतकऱ्याने पोरांनी हात लावू नये म्हणून पंखाभोवती दावं बांधून ठेवलं होतं. नुकसानीचं विचारलं तर म्हणाला, "रान मोकळंच होतं की." पंख सोडवून ट्रेलरवर चढवताना अर्धं गाव मदतीला होतं.

त्याच दशकात, ऑक्टोबर 1982 मध्ये, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी पुन्हा एकदा छोट्या विमानातून कराचीहून जुहूला आले. एप्रिल 1984 मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले. त्या उन्हाळ्यात आमच्या फाटकाशी चौकशीला येणाऱ्या मुलांची रीघ लागली होती. आम्हाला वाटलं, आता हे वाढतच जाणार.

नव्वदनंतरचं फार सांगावंसं वाटत नाही. 1994 मध्ये सरकारी विमान कंपन्यांची मक्तेदारी कायद्याने संपली, खासगी कंपन्या आल्या, वैमानिकाच्या पगाराचे आकडे छापून येऊ लागले. ते वाईट झालं असं मी म्हणत नाही. पण क्लब बघता बघता नोकरीची शिडी झाले. खासगी परवान्याला चाळीस तास पुरतात, व्यावसायिकाला दोनशे लागतात, आणि ज्या संस्थेकडे दोनशे तासांचं गिऱ्हाईक रांगेत आहे ती रविवारच्या हौशी माणसाला विमान कशाला देईल? बॉम्बे फ्लाइंग क्लबचं उड्डाण शिक्षण गर्दीच्या मुंबईतून धुळ्याला गेलं. नागपूरचा क्लब कित्येक वर्षं बंद पडून होता. हौशी मंडळी कामशेतच्या डोंगरांवर पॅराग्लायडिंगला गेली, ती माणसं मनापासून काम करतात, मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण तेही ज्याला परवडतं त्याचंच.

हडपसरला लाकडी ग्लायडरं म्हातारी झाली. एका सुट्या भागाची मागणी एका टेबलावर दोन वर्षं पडून होती, आणि टेबलामागच्या माणसाने मला तोंडावर विचारलं होतं, "खेळण्यासाठी एवढी घाई कशाला?" निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. लोहगाव विमानतळाची वाहतूक वाढली, तशी हवेतली मोकळीक आटली. उसाच्या जागी मगरपट्टा उभा राहिला, मग टॉवरच टॉवर. पूर्वी उतरण्याआधीच्या फेरीच्या, म्हणजे सर्किटच्या, खाली मळे असायचे, चुकलं तर मातीत टेकता यायचं. मग खाली गच्च्या आल्या. आता त्या मैदानाबद्दल कुणी बोलतं तेव्हा विषय जागेचा असतो: किती एकर, कुणाला चालवायला द्यायची, भाडं किती. शेकडो पोरांना ज्या जमिनीने वर पाठवलं तिची किंमत फक्त चौरस फुटात मोजली जाते याचा मला संताप येतो. ती जागा सार्वजनिक आहे. तिथे सार्वजनिक छंद होता.

पोस्टमनची मुलगी उडू शकली ही त्या काळाची मेहेरबानी नव्हती, तो धोरणाचा परिणाम होता, आणि धोरण पुन्हा करता येतं. एक विंच, दोन दुहेरी ग्लायडरं, एक एकेरी, दुरुस्तीचं लहानसं शेड आणि शहराच्या गर्दीपासून दूर, पठारावरची एक मोकळी पट्टी, एवढ्यावर सुरुवात होते. ग्लायडरं विकत मिळतात, पट्टीही शोधता येईल. शिकवणारी माणसं मात्र विकत मिळणार नाहीत. आमच्या पिढीतले जे प्रशिक्षक अजून आहेत ते सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांतल्या तिघांशी मी या महिन्यात बोलले. तिघेही म्हणाले, आज बोलवा, उद्या सकाळी येतो. त्या मुलीचा नंबर मी तिघांनाही देऊन ठेवला आहे.