भाडेवाढ आणि भाडेकरूंचे मत
ब्रिटनमध्ये स्थानिक परिषदा आपल्या मालकीची घरे भाड्याने देतात. वार्षिक भाडेवाढीपूर्वी भाडेकरूंचे मत घ्यावे काय, या प्रश्नास तेथील दोन प्रदेशांचे कायदे भिन्न उत्तरे देतात. इंग्लंडला लागू असलेल्या १९८५ च्या गृहनिर्माण अधिनियमाचे १०५ वे कलम व्यवस्थापनातील महत्त्वाच्या बदलांबाबत भाडेकरूंशी विचारविनिमय बंधनकारक करते. मात्र भाड्याचा विषय त्यातून वगळते. उलट, स्कॉटलंडच्या २००१ च्या अधिनियमाचे २५ वे कलम भाडेवाढीपूर्वी संबंधित भाडेकरूंचा सल्ला घेणे व त्यांची मते विचारात घेणे आवश्यक ठरविते.

विचारात घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. अंतिम निर्णय परिषदेचाच असतो. म्हणून सल्ल्याचे मोल प्रश्नाच्या स्वरूपावर अवलंबून राहते. दुरुस्ती व कर्जफेड यांचा खर्च प्रामुख्याने भाड्यातूनच भागतो. सबब वाढीचे दोन-तीन पर्याय आणि प्रत्येकामुळे कोणती कामे होतील वा लांबणीवर पडतील, हे मांडले तरच भाडेकरूस खरी निवड करता येते. त्यातही सरकारी साहाय्यातून भाडे भरणारे आणि स्वतःच्या मिळकतीतून भरणारे यांचे हित एकच नसते. केवळ बहुमत मोजल्यास हा भेद झाकला जातो.